शकुंतलाताईंची पाचवी जपानी

लग्न होऊन मी भिलाईतल्या रुआबांध्याला आले त्याला काही महिनेच झाले होते. वडील रेल्वेत गार्ड, माहेर नागपूरकडचे. त्या दिवशी आई पहिल्यांदा माझा संसार बघायला येणार होती आणि तिला घ्यायला मला दुर्ग स्टेशनवर पोचायचे होते. नेमका ऑटोवाल्यांचा संप. सासूबाई म्हणाल्या, येईल की, तुझी आई काही हरवत नाही. मी हट्टाने रुआबांध्याच्या वळणावर उन्हात जाऊन उभी राहिले. तेवढ्यात एक पांढरी, डबीसारखी गाडी गचके खात आली आणि माझ्यासमोरच बंद पडली. चालवणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर घामाच्या धारा होत्या. त्यांच्या शेजारी पदर खोचून बसलेल्या दुसऱ्या बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"कुठं जायचं हाये वो बाई?"

"दुर्ग स्टेशन."

"बस मंग. हिले आज रेल्वे फाटक शिकवायचंच हाये."

मागच्या सीटवर एक बाई आणि दोन लाल भोपळे होते. एक भोपळा माझ्या मांडीवर आला आणि आम्ही निघालो. फाटक उघडले, तशी गाडी रुळांच्या अलीकडेच बंद पडली. मागे ट्रक, मागे सायकली, सगळ्यांनी एकदम कालवा सुरू केला. चालवणाऱ्या बाई रडकुंडीला आल्या. शेजारच्या बाईंचा आवाज मात्र तसूभरही चढला नाही. "वाजवू दे त्यायले हॉर्न. त्यायले बी काम हाये, तुले बी काम हाये. पह्यले क्लच पूर्न दाब. आता सेल मार." आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा आई आपल्या ट्रंकेवर बसून दाराकडे बघत होती. परतताना आई, ट्रंक आणि भोपळे सगळे त्या डबीत मावले. गाडीतून उतरताना आईने मला बाजूला घेऊन विचारले, "ही कोण गं?" तेव्हा मला नावही ठाऊक नव्हते.

त्या सौ. शकुंतलाताई हटवार. यंदा ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि आपले मराठी मंडळ त्यांच्यासाठी हा गौरवग्रंथ काढत आहे. त्यांची विद्यार्थिनी आणि पुढे सकाळच्या वर्गातली त्यांची मदतनीस म्हणून चार शब्द लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले असले, तरी गाडी शिकवणे मला जास्त जमले असे माझे विद्यार्थीच म्हणतात. हा लेख लिहिताना मनात एक गोष्ट सारखी येते, ती आधीच सांगून टाकते. गेल्या वर्षी याच दिवसांत ताई भिलाईत राहतात की भिलाई सोडून पुण्याला जातात, याचा काही भरवसा नव्हता. त्याचे काय झाले, ते ओघाने येईलच.

हटवारांच्या घरात गाडीला कधी गाडी म्हणत नाहीत. 'जपानी' म्हणतात. ताईंचे यजमान, ज्यांना सगळी भिलाई भाऊ म्हणते, भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातून येऊन पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेनवर लागले. त्या काळी रस्त्यावर गाड्या होत्या त्या हत्तीसारख्या जड, साहेबलोकांच्या. जपानी पद्धतीची ही छोटी गाडी आली आणि नोकरदार माणसालाही वाटू लागले की आपल्या दाराशी चार चाके उभी राहू शकतात. भाऊंनी नाव नोंदवले आणि बऱ्याच काळाने ती प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरातल्या त्यांच्या क्वार्टरसमोर येऊन उभी राहिली. चौकोनी अंग, सपाट काच, बारीक चाके, चारच गिअर. थंडीत सुरू करायची तर चोकची मूठ बाहेर ओढायची आणि इंजिन तापले की ती हळूहळू आत सारायची. शेजारच्या बायकांनी तिला हळदकुंकू लावले, म्हणजे ती घरचीच झाली.

आता चालवणार कोण? अर्थात भाऊ. पण भाऊंची सगळी नोकरी उंचावरच्या केबिनमध्ये गेलेली. वितळलेल्या लोखंडाचे खोलीएवढे भांडे ते अलगद उचलून अलगद ठेवत, पण खाली उभा असलेला माणूस हाताने खूण करील तेव्हाच. खूण नाही तर हालचाल नाही, हा त्यांच्या हाडीमाशी खिळलेला नियम. पहिल्या दिवशी भाऊ गाडीत बसले, इंजिन सुरू केले आणि बसूनच राहिले. ताईंनी विचारले, काय झाले? भाऊ म्हणाले, "खालून कोनी हात दाखवल्याबिगर मले हालवताच येत नाई." मग ताई पदर खोचून गाडीपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी हात हलवला की गाडी पुढे, मूठ मिटली की गाडी थांबे. अशा ताई उलट्या पावलांनी चालत आणि भाऊ त्यांच्या मागून, असे दोघे गल्लीच्या टोकापर्यंत गेले. सेक्टरातली मुले टाळ्या वाजवत बरोबर चालत होती. टोकाला पोचल्यावर ताई थांबल्या आणि म्हणाल्या, "मीच पुढं चालत बाजारात जाते, त मंग गाडी कायले घेतली?"

त्या दिवसापासून भाऊ मागच्या सीटवर बसू लागले आणि ताई पुढे. ताईंनी प्लांटच्या बसच्या एका वयस्कर चालकाकडून गाडी शिकून घेतली. सेक्टरातली गाडी चालवणारी ती पहिली बाई असावी. निदान पहिली कामगाराची बायको तरी नक्कीच. पुरुषांनी थट्टा केली, बायकांनी आधी थट्टा केली आणि मग एकेकीने गुपचूप येऊन विचारले, "मले शिकवता काय?"

ताईंच्या शिकवण्याची रीत इतर क्लासवाल्यांना आजही वेड्यासारखी वाटते. भिलाईचे सेक्टर म्हणजे सरळ, रुंद, झाडांनी भरलेले रस्ते. तिथे गाडी शिकलेल्या माणसाला वाटते की आपण उत्तम चालवतो. सुपेल्याच्या बाजारात शिरला की त्याची भंबेरी उडते. म्हणून ताईंनी रिकाम्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर कधीच शिकवले नाही. त्यांचा नियम एकच, कामाशिवाय गाडी हलवायची नाही. आज भोपळे आणायचे, उद्या कुणाच्या पोराला शाळेत सोडायचे, परवा कुणाच्या सासऱ्यांना डोळे तपासायला न्यायचे. काम ज्याचे असेल तो मागच्या सीटवर. मी त्यांना एकदा विचारले, नवशिक्या बाईच्या हातात गाडी देऊन मागे माणसे बसवता, भीती वाटत नाही? त्या म्हणाल्या, "शिकाले निघालेली बाई भेते. कामाले निघालेली भेत नाई. तिचं ध्यान कामात असते." गणिताच्या शिक्षिकेने हे लक्षात ठेवले आणि माझ्या वर्गात त्यानंतर आकडेमोडीऐवजी बाजार आला, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

आणि त्यांची परीक्षा! सरकारी परीक्षा होऊन लायसन्स हातात आले की पोरी पेढे घेऊन येत. ताई पेढा खात आणि म्हणत, "बरं झालं. आता खरी परीक्षा." मग एक दिवस कामासाठी म्हणून त्या गाडीत बसत आणि रुआबांध्याच्या त्याच वळणावर, जिथे मी त्यांना पहिल्यांदा भेटले, गाडी थांबवायला सांगत. दार उघडून उतरत. "आता एकटी घरी घेऊन जाजो. चाबी तुळशीपाशी ठेवजो." एवढे बोलून त्या मागे न बघता पायी चालू लागत. गाडी त्यांची, तुळस त्यांच्या अंगणातली, आणि रस्ता आपला. माझ्या वेळी शेजारची सीट रिकामी झाली. कितीतरी वेळ मी तिथेच बसून त्यांची पाठमोरी आकृती बघत राहिले, त्या वळतील या आशेने. त्या वळल्या नाहीत. मग नाइलाजाने पहिला गिअर टाकला. क्वार्टरसमोर गाडी लावून किल्ली तुळशीपाशी ठेवली आणि अंगणातच बसून मी खूप रडले. आनंदाने. ताई पायी आल्या, किल्ली बघितली आणि चहा टाकायला आत गेल्या. कौतुकाचा एक शब्द नाही. त्यांच्या किती विद्यार्थिनी अशा तुळशीपाशी बसून रडल्या असतील, कोण जाणे.

जपानीच्या पिढ्या बदलत गेल्या. दुसरी आली ती गोलसर नाकाची, वारा कापत जाणारी, आतून थोडी ऐसपैस. ताईंनी तिला आपल्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवून घेतले आणि रीतसर वर्ग सुरू केला. मी तिथेच त्यांना मदत करू लागले. तिसऱ्या पिढीत चोकची मूठच नाहीशी झाली. पेट्रोल किती घ्यायचे ते गाडी आपले आपण ठरवू लागली. थंडीतल्या सकाळी ताई सवयीने मूठ शोधत आणि हात हवेतच राही. त्या वेळी त्या मला म्हणाल्या होत्या, "एक काम तिनं आपल्याकडं घेतलं, रजनी. बरं झालं. आता डोळ्यायले जास्त येळ भेटन." चौथी उंच अंगाची. बसायला वाकावे लागत नव्हते, काचा बटणाने खाली जात आणि स्टिअरिंग एका बोटाने फिरे. नव्या मुलींचे दंड दुखायचे थांबले. दर पिढीत गाडीने आपल्या अंगावरचे एक काम काढून स्वतःकडे घेतले, आणि दर वेळी ताईंनी तक्रार न करता उरलेले काम जास्त चांगले शिकवले. रस्त्याकडे बघणे आणि वेळेवर थांबणे. त्या म्हणत, हे दोन कुठलीच कंपनी करून देणार नाही.

मात्र एका गोष्टीवर त्यांची श्रद्धा होती. क्लच. डावा पाय क्लचवर, कान इंजिनावर, आणि गाडी पुढे सरकायच्या नेमक्या क्षणी पायाखाली येणारी ती थरथर. ती कळली की बाई शिकली, असे त्यांचे मत. बाजारात बिनाक्लचची जपानी येऊ लागली, तेव्हा मंडळाच्या हळदीकुंकवात त्यांनी भर सभेत सांगितले, "डावा पाय रिकामा त बाई गाडीत झोपून जाईन." सगळ्या हसल्या. मीही हसले.

ताईंचे मन किती मोठे आहे, हे सांगायला मला निर्मलाचे नाव घ्यावेच लागेल. निर्मला छत्तीसगढी घरातली. तिचा नवरा रसमड्याच्या एका कारखान्यात कामाला. पाठीला मार लागून तो अंथरुणाला खिळला, तेव्हा ती ताईंच्या दाराशी आली. पहिल्या दिवशी स्टिअरिंग धरून ती म्हणाली, "दीदी, मोर से नइ होही." ताई तिच्याच बोलीत म्हणाल्या, "होही, होही. तोर लइका मन के स्कूल जाय के बेरा होगे हे, चल." पोरांच्या शाळेची वेळ झालीच होती, म्हणून आधी तिच्याच पोरांना शाळेत सोडायचे काम तिला दिले, मग शेजारच्या पोरांना. चौथी जपानी घरात येणार होती, तेव्हा दुसऱ्या पिढीची गाडी अजून अंगणात उभी होती. ताईंनी तिची किल्ली निर्मलाच्या हातात ठेवली आणि विषय संपवला. आज निर्मलाची स्वतःची स्कूल व्हॅन आहे. वैशाली नगरात सकाळी तिची व्हॅन वळली की तिथली घड्याळे लावून घ्यावीत, इतकी ती वेळेची पक्की.

भाऊ निवृत्त झाल्यावर हटवार कुटुंब क्वार्टर सोडून वैशाली नगरात स्वतःच्या घरी राहायला गेले. तुळस कुंडीसकट गेली. नंतर भाऊंच्या मूत्रपिंडाने दगा दिला आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. सगळी नोकरी या गावात गेलेली. हॉस्पिटलातले डॉक्टर ओळखीचे, नर्सबाई ओळखीच्या, निम्म्याजणी तर ताईंच्याच विद्यार्थिनी. ताई भाऊंना मागच्या सीटवर बसवून नेत आणि घेऊन येत. भाऊ म्हणत, "हे माझी शिफ्ट हाये." त्यांना त्या जाण्यायेण्याचा कंटाळा आला आहे असे कधी दिसले नाही. रस्त्यात कोण नवीन बांधतो, कुठली झाडे तोडली, प्लांटच्या चिमणीतून आज धूर कसा आहे, याची चर्चा करत दोघे जात.

मग गेल्या वर्षी ताईंचा डावा गुडघा गेला. एका सकाळी रेल्वे फाटकाजवळच्या गर्दीत क्लच दाबताना तो असा लचकला की गाडी तिथेच सोडून त्यांना रिक्षाने घरी यावे लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, उजवा पाय ठणठणीत आहे, पण डाव्याने क्लच आता कायमचा बंद. ताईंनी वर्ग बंद केला. चौथ्या जपानीची किल्ली देवघरातल्या खिळ्याला टांगली. भाऊंना न्यायला कधी मी, कधी निर्मला, कधी कुणी. आम्हाला कुणालाच त्याचे ओझे नव्हते, पण ताईंना होते. जिने उभ्या सेक्टराची ने-आण केली ती बाई घराच्या फाटकापाशी उभी राहून वाट बघू लागली. त्यांचा मुलगा सुधीर पुण्याला असतो. गुणी मुलगा, त्याचा जीव तुटत होता. त्याने सांगितले, दिवाळीला येतो आणि तुम्हा दोघांना घेऊन जातो, इथे तुमचे कोण करणार? ताई नाही म्हणाल्या नाहीत. हेच मला फार लागले. ताईंना नाही म्हणता येते हे मी आयुष्यभर बघितले होते.

तुळशीचे काय करायचे, असे त्यांनी एकदा मला विचारले. मी घरी येऊन निर्मलाला फोन लावला. दोघींनी ठरवले की आता बोलायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही ताईंच्या घरी जाऊन पाचव्या पिढीच्या जपानीचा, बिनाक्लचच्या जपानीचा विषय काढला. ताईंनी हात झटकला. "ते गाडी हाये काय? ते पाळना हाये. मले नाई बसायचं त्याच्यात." तेव्हा आतल्या खोलीतून भाऊंचा आवाज आला. भाऊ बायकोला उलटून बोलल्याचे मी तोवर कधी ऐकले नव्हते.

"आमची क्रेन आता खालून चालते, शकुन. मानूस वर चढतच नाई. हातात डब्बा, त्याच्यावर बटनं. रिटायर व्हायच्या आधी मले शिकवलं त्या पोट्ट्यायनं. मी रुसलो काय? मशीन बदलली त मानसानं शिकायचं. तू इतक्या बायायले शिकवलं, मंग तू कावून नाई शिकत?"

ताईंनी पदर खोचला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिकवशीन काय मले?"

जुनी गाडी गेली, पाचवी आली. आणि मी ताईंच्या शेजारच्या सीटवर बसले, जिथे आयुष्यभर त्या बसल्या होत्या. नियम त्यांचाच, कामाशिवाय गाडी हलवायची नाही. मंडळाच्या कार्यक्रमासाठी ताक हवे होते. म्हणून पहिल्या दिवशी ताकाची मोठी कॅन माझ्या मांडीवर आणि भाऊ मागे, असे आम्ही निघालो. वैशाली नगरातून बाहेर पडेपर्यंत सगळे छान. मग समोर एक गाय आली. ताईंचा उजवा पाय ब्रेकवर गेला, तो बरोबरच होता. पण त्याच वेळी डावा पाय, सवयीने, जीव खाऊन क्लचवर गेला. क्लच कुठे होता? तिथे रुंद ब्रेकच होता. गाडी जागच्या जागी अशी उभी राहिली की गायही दचकली. ताक माझ्या पैठणीवर. ती पैठणी मी कार्यक्रमासाठी नेसले होते, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याच्या पुढेही तेच. मागची स्कूटर थोडक्यात वाचली. तिच्यावरच्या माणसाने हिंदीतून जे काही म्हटले, ते या ग्रंथात छापण्यासारखे नाही. ताईंनी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच होते, पण डोळ्यांत पाणी होते. "ऐकत नाई वो हा पाय. जुना कामगार हाये. रिटायर केला तरी ड्युटीवर येऊन राहिला." मला हसू आले आणि रडूही आले. जी सवय त्यांनी इतक्या बायकांच्या पायात घातली, तीच आता त्यांच्या आड येत होती, आणि दिवाळी जवळ येत होती.

त्या दिवशी त्यांनी गाडी माझ्या हाती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तर ताई अंगणात काथ्याचे जुने पायपुसणे कात्रीने कापत बसलेल्या. त्यातला चौकोनी तुकडा त्यांनी गाडीत डाव्या कोपऱ्यात, ब्रेकपासून दूर, घट्ट चिकटवून टाकला. मग डाव्या पायातली चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल त्या खरखरीत तुकड्यावर टेकवले. मी विचारले, हे काय? "रिकामा बसला म्हनून गडबड करते. त्याले काम दिलं. इथं बसून रायजो, खरखर लागली म्हंजे समजजो का तू घरी हायेस." पाय हलला की खरखर जाई, खरखर गेली की त्यांना कळे आणि पाय परत जागेवर येई. पहिले काही दिवस त्या मधूनमधून पायाशी बोलतही. "बस, बस तिथंच. तुयं काम नाई." मागून भाऊ म्हणत, "मले बोलली काय?" हळूहळू गचके थांबले. सुपेल्याचा बाजार झाला, फाटक झाले, गाय झाली. आता नव्याने बिनाक्लचची गाडी घेणाऱ्या आमच्या जुन्या विद्यार्थिनी या काथ्याच्या तुकड्यासाठी ताईंकडे येतात. ताई त्यांना तो कापून देतात आणि सोबत एक काम सांगतात.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. भाऊंना निर्मलाने सकाळी हॉस्पिटलात सोडले होते आणि दुपारी आणायचे होते. ताई आणि मी निघालो. मी म्हटले, आधी रुआबांध्यावरून जाऊ, मला घरी जरा काम आहे. ताईंनी गाडी तिकडे घेतली. त्या वळणावर आल्यावर मी म्हटले, थांबवा. गाडी अलगद थांबली. मी दार उघडून उतरले.

"कावून वो? काय झालं?"

"भाऊंले घेऊन घरी जाजा, ताई. चाबी तुळशीपाशी ठेवजा."

ताई काहीतरी बोलणार होत्या, पण मी पाठ फिरवली आणि चालू लागले. मागे वळून बघायचे नाही, हा नियम किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळले. इतक्या वर्षांत प्रत्येक पोरीला असे सोडून जाताना ताईंच्या काळजाचे काय होत असेल, तेही कळले. कान मात्र मागेच होते. बराच वेळ काही नाही. रुआबांध्याचा रस्ता, एक सायकल, कुणाच्या घरातला रेडिओ. मग त्या नव्या गाडीचा तो बारीक आवाज आला, आधी जवळून, मग लांबून. गचका एकही नव्हता.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात नुसतीच इकडून तिकडे फिरत होते. ऊन कलल्यावर फोन वाजला. भाऊंचा आवाज, नेहमीसारखा संथ.

"रजनी, आमी घरी पोचलो. हे अंगनात बसून रडून राहिली. मी चाय टाकून राहिलो."

फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "आनि चाबी तुळशीपाशी हाये."

सुधीर आला तेव्हा त्याला घ्यायला दुर्ग स्टेशनवर ताई स्वतः गेल्या होत्या. शेजारी कुणी नव्हते. पुण्याचे नाव त्या दिवाळीत निघाले ते फराळापुरते, सून चिवडा कसा करते एवढ्यासाठी. जाताना सुधीर मला म्हणाला, मावशी, आईचा वर्ग पुन्हा कधीपासून? वर्ग सुरू झाला आहे. दुपारची वेळ, दोन-तीनच विद्यार्थिनी, आणि मागच्या सीटवर काम असलेला माणूस, बहुधा भाऊ.

ताई, तुम्ही वाचाल तेव्हा म्हणाल, कायले इतकं लिहिलं? लिहिले, कारण या गावातल्या कितीतरी बायका आज जिथे जायचे तिथे कुणाची वाट न बघता जातात, आणि त्यांतल्या प्रत्येकीला तुम्ही एकदा वळणावर सोडून पाठ फिरवली होती. आमचे प्रेम आमच्या तोंडून नीट निघत नाही, म्हणून हा ग्रंथ. तुमचा उजवा पाय असाच ठणठणीत राहो, डावा काथ्यावर सुखाने बसो, डोळे आणि कान आहेत तसेच शाबूत राहोत आणि भाऊंची मागची सीट त्यांच्याच नावावर राहो. म्हणतात की जपानीची पुढची पिढी आपली आपणच चालेल, तिला चालवणारा लागणार नाही. ती भिलाईच्या रस्त्यावर येईल त्या दिवशी तुम्ही तिच्यात बसलेल्या आम्हाला हव्या आहात. तिला पहिल्या दिवशी फाटकावर न्या, एखादे काम सांगा, आणि नीट शिकली की रुआबांध्याच्या वळणावर उतरून तिलाही एकटीला घरी पाठवा.